ही आपली नाही

३ मार्च, सोमवार

आज कामावर रुजू झालो. शाळा नववीत सुटली, पण रोज चार ओळी लिहायची सरांनी लावलेली सवय सुटली नाही. शुद्धलेखनात वर्गात माझा हात कोणी धरत नसे. पुढे वडील अंथरुणाला खिळले. त्यांचं सगळं मीच केलं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाची अंघोळ, दाढी, कूस बदलणं हे मला येतं. एवढ्यावरच मॅडमनी मला या वृद्धाश्रमात घेतलं.

मॅडम इथलं सगळं बघतात. आवाज कधी चढवत नाहीत. मला म्हणाल्या, "इथे एकच नियम. कुणाशी वाद घालायचा नाही. ते म्हणतील ते खरं म्हणायचं आणि आपलं काम करायचं."

घर दुमजली आहे. खाली चालते-फिरते राहतात. वरचा मजला विश्रांतीवाल्यांचा. वर फक्त मॅडम आणि सिस्टर जातात. मला जिन्याशेजारची खोली मिळाली आहे. खोली कोरडी आहे, खिडकीला गज आहेत. फोन ऑफिसच्या खणात ठेवायचा, रविवारी आईशी बोलायला मिळेल.

बैठकीच्या खोलीत भलामोठा फिश टँक आहे. त्याच्यामागे भिंतीवर एक रंगवलेली पाटी आहे, 'रहिवाशांचे हक्क'. पाण्यातून वाचावी लागते. मासा आडवा आला की शब्द झाकला जातो, तो गेला की पुन्हा दिसतो. शेवटची ओळ टँकच्या वाळूमागे गेली आहे. बाकी सगळी वाचली. एकही चूक नाही. बरं वाटलं. जिथे पाटी शुद्ध असते तिथे माणसंही बरी असतात असा माझा अनुभव आहे.

४ मार्च, मंगळवार

मागच्या फाटकाबाहेर गल्लीत एक बसस्टॉप आहे. पत्र्याचं छप्पर, बाक, खांबावर गंजलेली पाटी. मला वाटलं खराच आहे. मॅडम म्हणाल्या, तो त्यांनीच करवून घेतला. या गल्लीतून बस कधी गेलेली नाही.

ज्याला घरी जायचं असतं त्याला दुपारच्या चहाआधी तिथे नेऊन बसवायचं. नाही म्हणायचं नाही. एखादी गाडी गेली की म्हणायचं, "ही आपली नाही." थोडा वेळ गेला की म्हणायचं, "आज चुकली वाटतं. चला, चहा घेऊ." तोवर घर विसरलेलं असतं.

मी विचारलं, "म्हणजे स्टॉप खोटा आहे?"

"त्यांना खरा वाटतो ना? मग खोटा म्हणणारे आपण कोण?" मॅडम म्हणाल्या.

फाटकाची किल्ली माझ्याकडे दिली आहे.

आज बाकावर चौघं होती. कचऱ्याची गाडी गेली तेव्हा मी तोंड उघडायच्या आत चौघं एका सुरात म्हणाली, "ही आपली नाही." अंगावर काटा आला. मग वाटलं, शिकवलेलं छान लक्षात ठेवतात.

७ मार्च, शुक्रवार

वकीलकाका म्हणून एक जण आहेत. खरेच वकील होते. जेवताना ताटावर चमचा आपटतात आणि म्हणतात, "मला कोणत्या आदेशाने डांबलंय ते दाखवा." सिस्टर हसत म्हणाली, "काका, आदेश शिजतोय, शिट्टी झाली की वाढते." मलाही हसू आलं. काका हसले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू नवीन आहेस. अजून तुला हसायचं का नाही ते ठरवता येईल."

संध्याकाळी त्यांना विश्रांतीसाठी वर नेलं.

मॅडमनी रंगाचा डबा दिला. स्टॉपची पाटी रंगवून काढ म्हणाल्या, नंबर कुठलाही टाक. पण खोटा नंबर लिहायला माझा हात धजेना. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं. मोठ्या रस्त्याने सात नंबरची बस जाते, मुख्य बाजारापर्यंत. तेच लिहिलं: ७, मुख्य बाजार. अक्षर सुबक आलं आहे. मॅडमना दाखवलं तर म्हणाल्या, "वा, अगदी खऱ्यासारखं." मी म्हणालो नाही की खरंच आहे.

११ मार्च, मंगळवार

जिन्याखाली एक पोतं सापडलं. आत नुसत्या चपला. पुरुषांच्या, बायकांच्या, एक कापडी बूट. सिस्टर म्हणाली, "वर कुणाला चपला लागतात?" ते बरोबरच आहे. पण सगळ्या एकमेकींत अडकून पडल्या होत्या, ते मला बघवेना. दुपारभर बसून जोड्या लावल्या, दोरीने बांधल्या, आत कागद घातले, पुन्हा पोत्यात रचल्या. प्रत्येकीचा जोड सापडला. समाधान वाटलं.

आज एक नवीन बाई आल्या. जन्मभर शाळेत शिकवलं आहे, सगळे त्यांना बाईच म्हणतात. भाच्याने आणलं. घराला रंग लावायचा आहे, तोवर चार दिवस राहा, म्हणाला. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं की चार दिवस नाही, कायमचंच आहे. रंगबिंग काही नाही, घर विकायला काढलं आहे. बाईंना मात्र सांगायचं नाही.

मी टँक पुसत होतो, बाई काठी टेकत जवळ आल्या.

"काय वाचतोस?"

"हक्क."

"कुणाचे?"

"तुमचे."

"मग माशांना का वाचायला लावलेत?"

त्यांनी वाकून, मासे टाळत टाळत दिसते तेवढी सगळी पाटी वाचली. मग मला एक-दोन अवघड शब्द लिहून दाखवायला सांगितले. सगळे बरोबर आले. तेव्हापासून मला 'शुद्धलेखन' म्हणून हाक मारतात. मला आवडलं.

१४ मार्च, शुक्रवार

वकीलकाका खाली आले. केस बारीक कापले आहेत, पायात काही नाही. चमचा अजिबात आपटत नाहीत. पुढ्यात ठेवलं ते खाल्लं. मी विचारलं, "कसं वाटतंय काका?" ते म्हणाले, "आज चुकली वाटतं." किती सुधारणा आहे. दुपारी स्वतःहून बाकावर येऊन बसले.

बाईंनी संध्याकाळचं सिरप घ्यायला नकार दिला. सिस्टरला म्हणाल्या, "कशाचं आहे ते सांग, मग घेते." सिस्टर म्हणाली, ताकदीचं. बाई म्हणाल्या, "ताकद आहे. नको." आणि पेला पालथा घातला.

मी मॅडमना भीतभीत म्हणालो की पाटीवर लिहिलंय, औषधाची माहिती घेण्याचा आणि ते नाकारण्याचा हक्क रहिवाशाला आहे. मॅडम रागावल्या नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हक्क त्यांचा आहे, काळजी आपली आहे. दोन्ही राहू देत." आता सिरप बाईंच्या दुपारच्या चहात जाईल. सिस्टर स्वयंपाकघरात घालून देईल. मी कप न्यायचा आणि संपेपर्यंत जवळ बसायचं. ओतला जाता कामा नये.

केव्हाचा विचार करतो आहे, पाटी बरोबर की मॅडम. पाटी कुणी लिहिली ते माहीत नाही. मॅडम मला पगार देतात.

१५ मार्च, शनिवार

कप नेला. बाई म्हणाल्या, "आज साखर जास्त आहे." मी म्हणालो, "स्वयंपाकीणबाईंचा हात सैल आहे." हे वाक्य मी आधी तयार करून ठेवलं होतं. बाईंनी चहा संपवला. मी कप धुतला आणि पुन्हा धुतला.

१८ मार्च, मंगळवार

आज बाई बोट दाखवत म्हणाल्या, "ते... ते बंद कर, वारा येतो." शब्द सापडेना. मी म्हणालो, "खिडकी." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "खिडकी," त्या म्हणाल्या, जणू मी काहीतरी त्यांचं चोरून परत दिलं होतं.

भाचा आला होता. बाईंनी घराबद्दल विचारलं, रंग कुठवर आला. तो म्हणाला, "अगं मावशी, मागच्या वेळी सांगितलं की." त्याने काहीच सांगितलं नव्हतं, मी तिथेच होतो. पण बाई गोंधळल्या, म्हणाल्या, "हो का?" तो मॅडमशी बोलत होता ते कानावर आलं. पुढच्या गुरुवारी डॉक्टर येणार. ते बाईंना प्रश्न विचारतील. बाईंना सांगता नाही आलं तर लिहून देतील की यांना समज उरलेली नाही. मग भाचाच सगळीकडे सही करू शकेल, आणि बाईंनी घरी जातो म्हटलं तरी ते कुणी धरायचं नाही. वर एक खाट रिकामी आहे.

दुपारी बाई बाकावर येऊन बसल्या. पहिल्याच दिवशी त्या काठी टेकत गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या होत्या. सिस्टरने धरून आणलं आणि 'भरकटतात' अशी नोंद केली. तेव्हापासून त्या चालत नाहीत, बसतात.

म्हणाल्या, "शुद्धलेखन, हा स्टॉप खोटा आहे ना?"

वाद घालायचा नाही असा नियम आहे, पण हो म्हणणं हाही वादच.

"मी कुणाला सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "एवढंच कबूल कर. बस आली तर 'आली' म्हणशील. 'ही आपली नाही' म्हणणार नाहीस."

बस येणारच नाही, तेव्हा कबूल करायला काही हरकत नव्हती. मी म्हणालो, "आली तर आली म्हणेन."

"मीही म्हणेन," बाई म्हणाल्या. "तुला दिसली नाही तर मी सांगेन."

मला कशाला बस लागते? पण त्या थकल्या होत्या, मी हो म्हणालो.

२० मार्च, गुरुवार

मोठ्या रस्त्यावर पाइप टाकायचं काम निघालं आहे. दिवसभर यंत्राची घरघर. घरभर धूळ. मॅडम म्हणाल्या टँक साफ करून घे.

बाईंनी काल विचारलं होतं की पाटीची शेवटची ओळ काय आहे. त्या म्हणाल्या, हक्क सगळे वर सांगितले, मग ते दिले नाहीत तर जायचं कुठे, ते शेवटीच लिहिलेलं असणार. मासे बादलीत काढले. पाणी उपसलं. वाळू हाताने बाजूला केली. सिस्टर मागून म्हणाली, "काय पुरलंय का तिथे?" मी म्हणालो, शेवाळ.

काचेतून ओळ दिसली: 'तक्रार रहिवाशाने स्वतः कार्यालयात येऊन करावी. मुख्य बाजार, जुनी इमारत, पहिला मजला.'

वाळू पुन्हा सारखी केली. मासे सोडले. थोडा वेळ ते एका कोपऱ्यात जमून पाटीकडे तोंड करून थांबले होते.

बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी डोळे मिटून पुन्हा पुन्हा म्हणून पाठ केलं. तरी दुपारच्या चहानंतर त्यांना 'जुनी इमारत' एवढंच आठवत होतं. रडल्या नाहीत. माझा हात धरून म्हणाल्या, "चहात काय असतं रे?"

मी रिकाम्या कपाकडे बघितलं. त्यांना कळलं.

२१ मार्च, शुक्रवार

फार विचार केला. सांगितलं आहे की कप रिकामा परत आला पाहिजे, काही ओतायचं नाही. सिस्टर मोरी बघते, कुंड्यांतली मातीसुद्धा बघते. नियम मोडायचा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. पण बाईंनीच प्यावा असं काही सांगितलेलं नाही. तसा अर्थ आहे हे मला कळतं, पण सांगितलेलं नाही.

कप सगळे सारखेच. सिस्टर उंबऱ्याशी उभी असते. मी बाईंच्या शेजारी बसलो आणि ती खोकायला वळली तेव्हा कप बदलले. बाईंनी माझा चहा घेतला, मी त्यांचा.

गोड आहे. मागून जीभ जरा बधिर होते. बाकी काही नाही.

२२ मार्च

सकाळी कुणी उठवलं ते कळलं नाही. सिस्टर म्हणाली, काय पंतोजी, रात्री लिहीत बसता वाटतं. दुपारी पुन्हा कप बदलला. बाकावर सगळ्यांबरोबर बसलो. ऊन छान होतं.

२३ मार्च, रविवार

आईचा फोन आला. ती म्हणाली, आवाज असा काय येतोय, पाण्यातून बोलल्यासारखा. मी म्हणालो, काम जास्त आहे. ती म्हणाली, घरी येऊन जा एक दिवस. मी म्हणालो, चला, चहा घेऊ. ती म्हणाली, काय म्हणालास? मला आठवेना काय म्हणालो ते.

२४ मार्च, सोमवार

बाईंना सगळं आठवायला लागलं आहे. शाळेतल्या मुलांची नावं हजेरीच्या क्रमाने म्हणून दाखवली. पण सिस्टर आली की मान खाली टाकतात आणि ओठ हलवत राहतात, हुबेहूब वकीलकाकांसारख्या. मग ती गेली की डोळा मारतात. मला हसू आलं, पण ते उशिरा आलं, सिस्टर परत आली होती.

बाई म्हणाल्या, "तू आता बदलू नकोस. मी जिभेखाली धरीन, थुंकीन, काहीतरी करीन. तुझे डोळे बघ."

मी म्हणालो की मला बरं वाटतं. खरंच वाटतं. पोटातला गोळा गेला आहे. लहानपणापासून होता, मला वाटायचं सगळ्यांना असतो.

त्या म्हणाल्या, "बस आली तर तूही यायचंस."

मी म्हणालो, हो.

बाकावर धूळ फार बसते. गल्लीतून गाड्या जास्त जायला लागल्या आहेत. मोठा रस्ता बंद केला आहे असं दुकानदार म्हणाला. हे मॅडमना सांगायला हवं, त्यांच्या ऑफिसातून मागची गल्ली दिसत नाही. सांगायचं राहून गेलं.

२६ मार्च, बुधवार

नीट लिहायचं आहे, म्हणून सावकाश लिहितो.

दुपारी सगळ्यांना घेऊन बाकावर गेलो. उद्या डॉक्टर येणार. बाई शेवटाला बसल्या होत्या, काठी पायांत. वकीलकाका मध्ये. एक मालमोटार गेली, सगळे म्हणाले, "ही आपली नाही." मीही म्हणालो.

मग वळणावरून बस आली. लाल. कपाळावर सात. मला वाटलं मी पाटी बघतो आहे, मीच रंगवलेली. बस हळू झाली. ड्रायव्हरने पाटी वाचली असावी. ती स्टॉपपाशी येऊन थांबली आणि दार उघडलं.

इंजिनाचा आवाज येत होता. कुणी हललं नाही. ड्रायव्हरने वाकून विचारलं, "मुख्य बाजार. येताय ना?"

बाकावरची सगळी माणसं त्या उघड्या दाराकडे बघत एका सुरात म्हणाली, "ही आपली नाही."

वकीलकाका सगळ्यांत मोठ्याने म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. का ते कळलं नाही. धूळ असेल.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी कबूल केलं होतं. शब्द कुठेतरी खोल होता, विहिरीतून बादली ओढावी तसा ओढला. म्हणालो, "आली."

बाई उठल्या. काठी आधी आत टाकली, मग दांडी धरली. ड्रायव्हरने हात दिला. पायरीवर उभं राहून त्यांनी मागे हात केला. "चल, शुद्धलेखन."

मला जायचं होतं. हे मी लिहून ठेवतो, कारण ते खरं आहे. पाय जमिनीवर होते ते दिसत होते, पण ते माझे आहेत असं वाटत नव्हतं. मी तोंड उघडलं आणि माझ्याच आवाजात ऐकलं:

"ही आपली नाही. चला, चहा घेऊ."

"अहो, उशीर होतोय," ड्रायव्हर म्हणाला. दार मिटलं. बाई काचेला हात लावून बघत होत्या, वळण येईपर्यंत.

मी सगळ्यांना आत आणलं. बाईंचा कप तयार होता. तो रिकामा परत जायला हवा होता, म्हणून मी प्यायलो. माझाही प्यायलो. सिस्टरने रिकामे कप मोजले, माणसं मोजली नाहीत.

२७ मार्च, गुरुवार

डॉक्टर येऊन गेले. भाचा जोराने बोलत होता. मॅडमनी मला विचारलं, बाई कुठे गेल्या?

मी म्हणालो, बस आली.

मॅडम हसल्या. "कुठली बस? इथे बस येत नाही, तुला माहीत आहे."

मी म्हणालो, सात नंबर, मुख्य बाजार. दार उघडलं होतं.

त्या माझ्याशी वाद घालत बसल्या नाहीत. सिस्टरकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "दमलास तू. थोडी विश्रांती घे." डॉक्टरांनी माझे डोळे उजेडात बघितले आणि मॅडमशी काही बोलले. आईला फोन करून कळवलं आहे की मला ताप आहे आणि इथे चांगली काळजी घेतात.

बहुतेक शनिवार

वर बरं आहे. खाट भिंतीशी. पंखा सावकाश फिरतो. आठ-नऊ जण आहोत. कुणी बोलत नाही. बाजूचे आजोबा दिवसभर चादरीवर बोटाने काहीतरी लिहितात. काय लिहिता म्हणून विचारलं तर हात झाकून घेतला.

सिस्टर म्हणाली, लिही बाबा, लिहिण्याने काय होतंय. वही राहू दिली.

माझ्या चपला तिने नेल्या. मी तिला सांगितलं की दोरीने बांधून ठेव, नाहीतर जोड चुकतो.

खाली स्टॉप काढला. ठोकण्याचे आवाज आले. खिडकीतून दिसतं, बाकाच्या जागी सगळे उभे राहतात. गाडी जाते. काच बंद असते, पण त्यांचे ओठ दिसतात. माझेही हलतात.

वार माहीत नाही

सिरप इथे पेल्यातच देतात, चहात लपवत नाहीत. कुणी नाही म्हणत नाही. पाटीवर याबद्दल काहीतरी होतं. मासा आडवा आलेला आठवतो, शब्द आठवत नाही.

वार माहीत नाही

आज पुष्कळ बोलण्याचे आवाज आले. खाली काहीतरी जड सरकवलं, पाणी सांडलं. सिस्टर धावत खाली गेली ती आली नाही. आज कुणी पेला दिला नाही.

कुणीतरी माणूस खाली एकेकाला विचारत होता, "तुम्हाला इथे राहायचंय का? घाबरू नका, मी कार्यालयातून आलोय." जिन्यावरून स्पष्ट ऐकू येत होतं. उत्तरही ऐकू येत होतं. सगळे तेच म्हणत होते. "आज चुकली वाटतं." तो पुन्हा विचारायचा. पुन्हा तेच. मॅडमचा आवाज आला, शांत. "बघा ना, कुणाला जायचंच नाही."

मग जिन्यावर काठी वाजली. थांबत थांबत वर आली.

बाई दारात उभ्या होत्या. मागे तो कार्यालयातला माणूस, नाकाला रुमाल लावून. त्यांनी एकेका खाटेवर बघितलं आणि माझ्यापाशी आल्या. केसांवरून हात फिरवला. माझे केस कापले आहेत हे मला तेव्हा कळलं.

"शुद्धलेखन," त्या म्हणाल्या, "आली."

मी म्हणालो, "ही आपली नाही."

"आपलीच आहे. मी विचारून आले."

त्यांनी मला उठवून बसवलं. त्या माणसाने आधार दिला. तो बाईंना हळूच म्हणाला, "यांना कुणालाच काही सांगता येत नाहीये. आणि बाहेर तापलेल्या रस्त्यावर अनवाणी कसं न्यायचं? यांच्या चपला कुठे आहेत?"

ते मला माहीत होतं. बाकी काही धड आठवत नव्हतं, पण ते आठवत होतं, कारण जोड्या मी लावल्या होत्या.

जिना उतरायला फार वेळ लागला. बैठकीतला टँक बाजूला सरकवला होता, मासे बादलीत होते, पाटी शेवटच्या ओळीपर्यंत कोरडी दिसत होती. मी जिन्याखालचं पोतं ओढून काढलं. कुणी मदत केली नाही ते बरं झालं, क्रम चुकला असता. पुढच्या दाराच्या आत, बाहेरच्या बाजूला तोंड करून, सगळ्या चपला ओळीने मांडल्या. माझ्या पोत्यात सगळ्यांच्या वरच पडल्या होत्या, सुट्याच. त्यासुद्धा मांडल्या.

मॅडम ऑफिसच्या दारातून बघत होत्या.

पहिले वकीलकाका उठले. ओळीपाशी आले, वाकून आपल्या ओळखल्या, एका चपलेत पाय घातला. दुसरी घालायला तोल जात होता. मी खाली बसलो आणि त्यांचा पाय माझ्या गुडघ्यावर घेतला.

"आली का रे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "आली."